ते पाकीट फोडा एकदाचं!

महिनाभर रोज रात्री आठला आईबरोबर मालिका बघतेय. सोमवार ते शनिवार, 26 भाग झाले. गोष्ट किती सरकली? सुनेच्या हातात एक पाकीट आलं, बस! ते अजून फोडलेलं नाही. तिने बोट लावलं की धडाम्‌ संगीत, मग सासू, दीर, जाऊ, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा, की लगेच जाहिराती. अहो, दूरदर्शनवर 13 भागांत अख्खी मालिका संपायची आणि जीव लावून जायची! याच महिन्यात मी वाचनालयातल्या दोन कादंबऱ्या संपवल्या, त्यांत पिढ्या उलटल्या. इतके चांगले नट, आणि त्यांना नुसते डोळे वटारायला लावता? मोतीबिंदूमुळे आईला आता वाचता येत नाही. तिला हाच विरंगुळा. तिला तरी धड गोष्ट सांगा ना!