कट्ट्यावर मोहम्मद अलीला कसं लोळवावं

बॉक्सर जॉर्ज फोरमनला जमलं नाही ते तुम्हाला सहज जमेल. टिळक रस्त्यावरच्या एखाद्या अमृततुल्यासमोर संध्याकाळी उभं राहायचं, कटिंग निम्मं संपलं की कुणाकडेही न बघता म्हणायचं, "अली आजच्या काळात टिकला नसता." बास. पुढचे दोन तास तुमचे.

एक लक्षात ठेवा. खोटं अजिबात बोलायचं नाही. हेवीवेट बॉक्सिंगच्या इतिहासात खरी माहितीच इतकी सोयीची आहे की थाप मारणं हा निव्वळ आळस झाला.

सुरुवात वजनापासून करा. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला, ४९ जिंकला आणि अपराजित राहून निवृत्त झाला. समोरच्यानं हे नाव काढलं की शांतपणे विचारा, "वजन किती होतं हो त्याचं?" साधारण ८४ किलो. आज तो क्रूझरवेटमध्ये, म्हणजे एक पायरी खाली, खेळला असता. अलीकडचा हेवीवेट विजेता टायसन फ्युरी २०६ सेंटिमीटर उंच आणि १२० किलोंच्या आसपास. विषय संपला. मात्र उद्या तुम्हालाच मार्सियानोची बाजू घ्यावी लागली, तर फ्युरीला मे २०२४ मध्ये रियाधला युक्रेनच्या उसिकनं हरवलं हे काढा. उसिक चांगला पंधरा सेंटिमीटरनं बुटका. तेवढ्यानं भागलं नाही तर १९१९ सालचा जेस विलार्ड आहेच. जॅक डेम्प्सीपेक्षा तो पंचवीसेक किलोंनी जड होता आणि पहिल्याच फेरीत सात वेळा खाली बसला. मंडईतल्या काट्यासारखा हा मुद्दा आपल्याला हवा तसा झुकतो.

मग वय. मार्सियानोनं जो लुईला हरवलं, हे ठणकावून सांगा. लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि करांची थकबाकी फेडायला रिंगमध्ये परतला होता, हे सांगायचं काही कारण नाही. लॅरी होम्सनं अलीला हरवलं तेव्हा अली ३८ चा, लेनॉक्स लुईसनं माइक टायसनला झोपवलं तेव्हा टायसन पस्तिशीच्या शेवटाला. आपला माणूस नेहमी पंचविशीचा घ्यावा, समोरच्याचा माणूस निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा. ४५ व्या वर्षी पुन्हा विजेता झालेला फोरमन या हिशेबात अडचण करतो. त्याचं नाव काढूच नका.

ज्यांना तर्कशास्त्राची आवड आहे (पुण्यात आपण सगळेच आलो) त्यांनी साखळी लावावी. जो फ्रेझरनं १९७१ मध्ये अलीला हरवलं. फोरमननं १९७३ मध्ये त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा आडवं केलं. म्हणजे फोरमन अलीपेक्षा सरस, सिद्ध झालं. इथेच थांबून बिल मागवा. १९७४ मध्ये किन्शासाला अलीनंच फोरमनला गारद केलं, हे कुणाला आठवायच्या आत निघालेलं बरं.

नियमांचा मुद्दा मात्र जाणकारांसाठी. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो तिन्ही पंचांच्या गुणांत मागे होता. तेराव्या फेरीत त्यानं वॉलकॉटला गारद केलं आणि तो जगज्जेता झाला. आज लढत बाराव्या फेरीला संपते. म्हणजे आजच्या नियमांत त्या रात्री पट्टा वॉलकॉटकडेच राहिला असता. हे वाक्य टाकल्यावर घोटभर चहा पिण्याइतकी शांतता मिळते, तिचा आस्वाद घ्या.

एवढं करूनही कुणी म्हणालंच, "संगणकाला विचारू या," तर हसू नका. ते करून झालंय. १९६९ मध्ये मायामीतल्या एका स्टुडिओत अली आणि मार्सियानो यांना खोटंखोटं लढवून त्याचं चित्रीकरण केलं. व्हिएतनामला जायला नकार दिल्यामुळे अलीचा किताब काढून घेतला होता, त्यामुळे अली रिकामाच होता. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्यानं वजन उतरवलं, टकलावर केसांचा टोप चढवला. शेवट एकाहून जास्त चित्रित केले, निकाल संगणक देणार. तो कळायच्या आत, ३१ ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लोकांनी पाहिलं ते असं : तेराव्या फेरीत अली आडवा. युरोपात मात्र काही ठिकाणी अली जिंकतो ती प्रत दाखवली. बिचारं यंत्र! त्यालाही प्रेक्षक ओळखता येत होते.

तेव्हा तुम्हीही दोन प्रती तयार ठेवा. किन्शासाची बातमी ज्यांनी पेपरात वाचली त्या सदाशिव पेठेतल्या आजोबांसमोर अली जिंकवा. हिंजवडीहून सुटलेल्या, मोबाइलवर नॉकआउटच्या क्लिपा बघून वाढलेल्या पोरांसमोर माइक टायसन. दोघं एकाच वेळी आले तर हवेचा विषय काढा.

धोका एकच आहे. पुण्यात लष्कराची क्रीडा संस्था आहे आणि तिथे खरोखरचे बॉक्सर घडतात. एखाद्या दिवशी कडेला उभा असलेला, नाकाचं हाड जरा सरकलेला मुलगा नम्रपणे विचारेल, "काका, तुम्ही कधी रिंगमध्ये उतरलाय?" दचकू नका. त्याला आपादमस्तक न्याहाळा, ग्लास खाली ठेवा आणि म्हणा, "आमच्या वेळचं बॉक्सिंगच वेगळं होतं रे."