कूलंट चाखून बघू नका: जुन्या गाडीच्या हीटरबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

चवथीला पंधरा दिवस राहिले होते. गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी आप्पा आमच्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचं दार उघडून वाकले होते. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखालचं गोणपाट त्यांनी उचललं, ओल्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट सरळ जिभेला लावलं. "गोड लागतंय गो. म्हणजे पावसाचं नाही, हीटरच गळतो." (इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, हीटरच्या नळ्यांतूनही फिरतं.) माझी चार वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून हे बघत होती. मी ओरडलेच. आप्पांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. मेसेज त्यांना गाड्यांच्या ग्रुपवर आला होता आणि त्याआधी तो किती जणांकडून फिरून आला असेल देव जाणे.

मेसेज असा: जुन्या गाडीत पायाखाली ओल आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते पावसाचंच पाणी असतं. खात्री करायची तर चाखून बघा, गोड असेल तर कूलंट. हीटर गळत असेल तर रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद किंवा एक कच्चं अंडं घाला, गळती कायमची बंद. नाहीतर हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाका, गोव्यात हीटर लागतोच कुठे? कूलंटही नको, ते बर्फाळ देशांसाठी असतं, इथे विहिरीचं पाणी चालतं. आणि शेवटी, हीटर बदलायचा म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्या भानगडीत पडू नका.

क्रम मोडून चाखण्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या सल्ल्यांनी गाडी बिघडेल. या सल्ल्याने माणूस जाईल.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं हे खरं आहे आणि तीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पोटात गेल्यावर यकृत त्याची विषारी आम्लं करतं. शेवटी ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. पहिले काही तास माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, मळमळतं, तोल जातो. मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि एक-दोन दिवसांत लघवी बंद होते. मोठ्या माणसाला साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेलासुद्धा, जिवावर बेतू शकतं. मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरतं. मांजराला चहाचा एक चमचा खूप झाला.

आप्पांच्या बोटावर जेवढं होतं तेवढ्याने काही होत नाही, हे मान्य करते. त्यांना काही झालंही नाही. पण मेसेज 'एक थेंब' म्हणत नाही, 'चाखून बघा' म्हणतो, आणि आजोबांनी जिभेला लावलेलं नात उद्या लावणारच. शिवाय आपल्याकडे कूलंट काढतात ते परातीत नाहीतर जुन्या टबमध्ये, आणि तो टब रात्रभर अंगणात राहतो. आमच्या वाड्यावर कुत्री-मांजरं मोकळी फिरतात. गोड वासाचं हिरवं पाणी त्यांना कोण नको म्हणणार?

'एवढंसं काय होतंय' म्हणणाऱ्यांनी १९८६ आठवावं. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ते ग्लिसरीन औषधी नव्हतं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. डायइथिलीन ग्लायकॉल हे कूलंटमधल्या ग्लायकॉलचं सख्खं भावंड: तसंच गोड, तसंच दाटसर, आणि मूत्रपिंडावरच घाला घालणारं. ते रुग्ण रुग्णालयात होते, भोवती डॉक्टर होते, औषधाची बाटली हातात होती. तरी चवीवरून, रंगावरून, वासावरून कोणाला काही कळलं नाही. आणि आपण घरच्या घरी चवीवरून निदान करायला सांगतोय! २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला, त्यात या दोन्ही ग्लायकॉलची नावं होती. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीच वाचलेलं नाही.

कोणाच्या पोटात कूलंट गेलंच तर उलटी काढत बसू नका, लक्षणांची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या, कूलंटचा डबा सोबत घ्या. याच्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगाचा.

मग ओल कसली हे ओळखायचं कसं? इथे मेसेजचा पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. आमच्याकडच्या पावसात जुन्या गाडीचं गोणपाट ओलं झालं तर दहातल्या बऱ्याच वेळा काचेचं रबर फाटलेलं असतं किंवा बॉनेटमागचा पत्रा सडलेला असतो. पण 'बऱ्याच वेळा' म्हणजे 'घाबरू नका' नव्हे. पांढऱ्या कागदाचा कपटा ओलीवर टेकवा. पावसाचं पाणी मातकट डाग सोडतं आणि सुकतं. कूलंट हिरवट किंवा गुलाबी उतरतं, सुकत नाही, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं. मग हात साबणाने धुवा. हीटरचा पंखा लावल्यावर काचेवर आतून तेलकट पापुद्रा धरला, फडक्याने पुसला तर पसरला, तर दुसरी परीक्षा नको. रेडिएटरची पातळी रोज थोडी उतरत असेल तर तेही तेच सांगतं. पातळी मात्र गार इंजिनावरच बघा. मॉरिस मायनर १००० च्या झाकणाचा दाब दर चौरस इंचाला सात पौंडांचा, त्या दाबाखाली पाणी ११० अंशांच्या आसपास उकळतं. गरम इंजिनाचं झाकण फिरवलंत तर ते थेट तोंडावर येतं.

आता हळद आणि अंडं. हळद टाकून रेडिएटरची बारीक गळती थांबते, हे मी स्वतः पाहिलंय. चोर्ल्याच्या घाटात अडकलात आणि घरी यायचंय, तर त्या एका दिवसापुरतं समजू शकते. पण 'कायमची बंद' हे धादांत खोटं. हळद काय, अंडं काय, ते भोक ओळखत नाही. जिथे पाणी हळू आणि वाट अरुंद, तिथे ते बसतं. गाडीत सगळ्यात अरुंद वाट हीटरच्याच नळ्यांची, आणि झडप बंद असेल तर तिथे पाणी हलतही नाही. आधी तुंबतो तो हीटर, मग रेडिएटरचा तळ. आमच्याच गाडीचा हीटर पूर्वी एका गॅरेजवाल्याने असाच 'बरा' केला होता. या वेळी तो काढून आडवा केला तर नळीतून पिवळ्या चिखलाचे गोळे पडले. त्या चिखलासकट तो गळतच होता.

नळ्या जोडून टाकण्याबद्दल: गोव्यात हीटर फारसा लागत नाही, हे मलाही कबूल आहे. तात्पुरता बंद ठेवायला माझी हरकत नाही. पण जोडून नव्हे. मॉरिसमध्ये एक नळी सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या झडपेतून निघते आणि परतीची रेडिएटरच्या खालच्या पाइपला मिळते. दोन्ही जोडल्या आणि झडप उघडी राहिली, की हेडमधलं तापलेलं पाणी रेडिएटरला न शिवता थेट पंपाकडे जातं. मे महिन्यात अनमोडच्या चढावर याचा अर्थ काय ते गाडीच दाखवेल. करायचंच तर झडप घट्ट बंद करा आणि दोन्ही तोंडं वेगवेगळी बुजवा. आणि हीटर 'लागतोच कुठे' म्हणणाऱ्यांनी जुलैत आंबोलीला जाऊन यावं. एसी नसलेल्या गाडीची काच आतून धुरकटते, तेव्हा गरम कोरडी हवाच ती साफ करते. एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने फडकं, असं मी वळणं घेतली आहेत. पुन्हा घ्यायची नाहीत.

विहिरीच्या पाण्याचं थोडक्यात सांगते. कूलंट न गोठण्यापुरतंच नसतं, त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. इंजिन बिडाचं, हीटर तांब्या-पितळेचा, सांधे डाकेचे, म्हणजे सोल्डरचे. क्षार असलेल्या पाण्यात हे धातू एकमेकांना खातात, आणि हीटर गळायला लागतो तो बहुतेक यामुळेच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तिसरा हिस्सा जुन्या गाड्यांना चालणारं साधं कूलंट घाला, दोन वर्षांनी बदला. रंगावर जाऊ नका, डब्यावरचं वाचा. घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मिळतं का बघा, ते पुष्कळ कमी विषारी असतं.

डॅशबोर्डचा मुद्दा नंतरच्या कितीतरी गाड्यांबाबत खरा आहे, मॉरिसबाबत नाही. तिचा हीटर डॅशबोर्डखाली लोंबणारी एक पेटी आहे. बॅटरी सोडली, रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये घेतलं, दोन क्लिपा सोडल्या, बोल्ट काढले, पेटी हातात आली. काढायला दीड तास लागला, त्यातला अर्धा तास एका गंजलेल्या क्लिपेपायी गेला. आतली जाळी म्हापशाला रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने ती पाण्याच्या टबात बुडवून एका तोंडातून हलकी हवा सोडली. कोपऱ्याच्या सांध्यापाशी दोन ठिकाणी मोहरीएवढे बुडबुडे आले, एकामागून एक, माळेसारखे. जाळी धुऊन त्याने डाक मारली, पुन्हा बुडवली. बुडबुडा नाही. जाळी सडून भुगा झाली असती तर नवी घालावी लागली असती, पण तांब्या-पितळेची असल्यामुळे ही वाचली. बसवताना दोन्ही नळ्या नव्या घातल्या आणि भरताना झडप उघडी ठेवली, नाहीतर हवा अडकते.

गोणपाट चवथीपर्यंत सुकलं नाही, ते फेकून नवं शिवलं. जुनं कूलंट अजून झाकण लावलेल्या कॅनमध्ये, माळ्यावर, कुलपात आहे. आप्पांनी त्यावर तेलरंगाने 'विष' लिहिलंय.