घराला पाय नसतात

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या शहराची तिजोरी उद्या तुमच्या ताब्यात आली आणि पहिल्याच दिवशी थकलेल्या पाणी बिलांचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला. घाबरू नका. माणसांच्या मागे तर मुळीच लागू नका. माणसं फोन उचलत नाहीत, पत्ते बदलतात, दुसऱ्या राज्यात निघून जातात. घर मात्र जागचं हलत नाही. तेव्हा थकबाकीचा बोजा सरळ घरावर चढवा.

नंतर खुशाल हातावर हात ठेवून बसा. कधीतरी घर विकायला निघेल, कागद तपासले जातील, बोजा सापडेल आणि तुमचे पैसे चुकते झाल्याशिवाय व्यवहार पुढे सरकणार नाही. बऱ्याच ठिकाणी हा बोजा गृहकर्जाच्याही आधी वसूल होतो. तीस वर्षांचं कर्ज देणारी बँक रांगेत मागे आणि नळाचं बिल पुढे! मग कधी कधी बँकच धास्तीने बिल भरून टाकते आणि ते कर्जदाराच्या खात्यावर लावते. पाणी भाडेकरूने वापरलं असेल तर? कित्येक शहरांत बोजा तरीही मालकाच्याच घरावर. आंघोळ कुणी केली, असल्या खासगी चौकशीत शहराने पडू नये.

धीर निघत नसेल तर लिलाव आहेच. बाल्टिमोरमध्ये नुसत्या पाणी बिलापायीही घरं लिलावाच्या यादीत जात. 2019 मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा करून ही सोय काढून घेतली. लोकप्रतिनिधी असे मध्येमध्ये कडमडतात.

आणि हो, पाणी कसं होतं हे बिलावर कुठेच छापलेलं नसतं, हे लक्षात ठेवा. मिशिगनमधल्या फ्लिंटने 2014 मध्ये नदीचं पाणी नळाला सोडलं आणि ते शिसं घेऊन घरोघरी पोचलं. त्याच गावात 2017 मध्ये 8,000 हून अधिक घरमालकांना पत्रं गेली: पाण्याची थकबाकी भरा, नाहीतर घरावर बोजा. बोंबाबोंब झाल्यावर नगर परिषदेने वर्षभराची स्थगिती दिली. तुमचे नगरसेवक इतके हळवे निघू नयेत, एवढी प्रार्थना करा.

घर विकायची वेळ आली तर फक्त एका बाबतीत हात आखडता घ्या. मिनेसोटातल्या एका वृद्ध बाईंचा सुमारे 2,300 डॉलर मालमत्ता कर थकला. व्याज, दंड, खर्च धरून तो 15,000 पर्यंत गेला. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, घर 40,000 ला विकलं आणि वरचे 25,000 सुद्धा खिशात घातले. बाई वारल्यावर पोरं हिशेब मागतात; या बाईंनी नव्वदी उलटल्यावर स्वतःच मागितला, थेट सर्वोच्च न्यायालयात. 2023 मध्ये न्यायालयाने एकमताने बाईंची बाजू घेतली: वरची रक्कम ठेवून घेता येणार नाही. ती तेवढी परत करा. मूळ रकमेवर एवढा दंड अवाजवी होता का, या प्रश्नात मात्र न्यायालय शिरलं नाही. तेव्हा दंडाचा रकाना तुम्हाला अजून मोकळा आहे.