पेत्र गालीलात गेला, जर्मनीत नाही

ईस्टरच्या आठवड्यात आमच्या गावच्या प्रार्थना-गटातल्या एका तरुण प्रवचनकाराचा ऑडिओ वसईपासून टोरांटोपर्यंत फिरला. त्याचं म्हणणं असं: येशू मेलेल्यांतून उठला हे ठाऊक असूनही त्याचा शिष्य पेत्र ‘मी मासे धरायला जातो’ म्हणाला, आणखी सहा जण त्याच्यामागे होडीत चढले, आणि शिष्यत्व तिथंच घसरलं. आजचा वसईकर तरुण हेच वाक्य म्हणत विमान पकडतो आणि इकडे गायनमंडळाला तबलजी मिळत नाही. खाली जोडलेल्या हातांची आणि ‘आमेन’ची रांग. मीही त्याच ग्रुपवर आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला राहतो, युरोत कमावतो, म्हणजे प्रवचनातला खलनायक मीच.

टोमणे आता अंगवळणी पडलेत. पण शुभवर्तमान धड न वाचता मारलेला टोमणा झोंबतो.

मासे धरण्याचा हा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायातला. तो घडतो तिबिर्याच्या समुद्रावर, म्हणजे गालीलच्या सरोवरावर. तो पेत्राचा स्वतःचा मुलूख. त्याच्यासाठी परगाव होतं ते यरुशलेम, सण-समारंभाचं, मंदिराचं शहर. जाळी टाकणारा पेत्र म्हणजे गावी परतलेला माणूस! परदेशी गेलेल्यांना झोडपायला हे उदाहरण वापरणं म्हणजे होडी उलटी करून वल्हवणं. शिवाय मार्काच्या १६व्या अध्यायात कबरीतला तो तरुण बायकांपाशी निरोप देतो, की शिष्यांना आणि पेत्राला सांगा, येशू तुमच्या आधी गालीलात जातोय. अटकेच्या रात्री येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचं नाव तेवढं वेगळं घेतलं. म्हणजे गालीलात बोलावणंच होतं. (लूकच्या शुभवर्तमानात मात्र येशू यरुशलेम शहरातच थांबा म्हणतो. ते वचन ग्रुपवर कोणाला आठवलं नाही आणि आठवण करून द्यायची घाई मलाही नव्हती.)

बरं, त्या होडीवाल्यांना काय ऐकावं लागलं? रात्रभर काही मिळालं नाही. पहाटे काठावरून आवाज आला, उजवीकडे टाका. १५३ मोठे मासे, जाळं शाबूत. काठावर विस्तव तयार, त्यावर मासळी आणि भाकरही तयार. तरीही येशू म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यांतले काही आणा. मला या अध्यायातलं हेच सगळ्यात आवडतं. घसरलेल्यांची मासळी न्याहारीला चालली. दोन वर्षांपूर्वी गावच्या चर्चच्या छपराला पैसे कमी पडले, तेव्हा याच ग्रुपवर खातेक्रमांक आला होता आणि आम्हा मच्छीमारांची यादी कोणीतरी झटपट तयार केली होती. तेव्हा ‘आमेन’ आमच्या नावापुढे होते.

इथं असल्या चर्चा होत नाहीत. आमच्या पॅरिशच्या बायबल-वर्तुळात निवृत्त शिक्षिका बसतात. योहानाचं शुभवर्तमान २०व्या अध्यायातच संपल्यासारखं वाचतं, २१वा मागाहून जोडला असावा, हे त्या केकचा तुकडा तोंडात घालता घालता शांतपणे बोलतात. कोणाची श्रद्धा ढासळत नाही. गावी हेच बोललो असतो तर आईला चार घरांतून फोन गेले असते. अर्थात त्या वर्तुळात साठीच्या आतला मी एकटाच. एकट्या २०२२ साली या देशात पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी कचेरीत जाऊन चर्चमधून नाव काढलं. प्राप्तिकरावर ८ टक्के चर्चकर मी मुकाट्याने भरतो, हे प्रवचनकार भाऊंनी ऐकलं तर त्यांना चक्कर येईल. आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोण म्हणतं? केरळचे फादर. येशूचा शिष्य थोमा मलबारला, म्हणजे केरळच्या किनाऱ्याला आला अशी परंपरा आहे. तोही गावच्या गायनमंडळाला धरून बसला असता तर या फादरांचं काय झालं असतं, हा प्रश्न मी ग्रुपवर टाकला. एकानेही उत्तर दिलं नाही.

ईस्टर-सोमवारी इथली मंडळी पहाटे शेतांतून चालत शेजारच्या चॅपलला जातात, अम्माऊस गावच्या वाटेची आठवण म्हणून. लूकच्या २४व्या अध्यायातले ते दोघे, क्लयपा आणि त्याचा निनावी सोबती, निराश होऊन यरुशलेमकडे पाठ फिरवून निघालेले. येशू त्यांच्याबरोबर उलट्या दिशेने चालला. मतिमंद म्हणाला, पण ते संदेष्ट्यांवर विश्वास न ठेवल्याबद्दल; शहर का सोडलंत, असं विचारलं नाही. भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखलं. इथवर सगळं माझ्या बाजूचं.

पण ते दोघे त्याच घटकेला उठले आणि अकरा किलोमीटर माघारी गेले, रात्र असूनही. आम्ही चॅपलबाहेर कॉफी पितो आणि बसने घरी येतो.

पेत्रालाही जाळ्यांबद्दल जाब विचारलेला नाही, हे खरं. विचारलं ते न्याहारीनंतर, कोळशांच्या विस्तवाशेजारी. असाच विस्तव महायाजकाच्या अंगणात होता, तिथंच त्याने नाकारलं होतं. तीनदा नाकारलं म्हणून तीनदा प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का? आणि दर उत्तरामागे काम: माझी मेंढरं चार. म्हातारा झालास की दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल, हेही त्याच बैठकीत. वडलांची कंबर सध्या धाकटा भाऊ बांधतो. रविवारी त्यांना मिस्सेला तो नेतो, रेमेडी मातेच्या उत्सवाला खुर्चीतून तोच नेतो. मी व्हिडिओ कॉलवर असतो. पैसे वेळेवर जातात.

त्याच भावाने फेब्रुवारीत गावच्या जागेचं हक्कसोडपत्र पाठवलं. विहीर, केळीची वाडी, घराचा मागचा भाग. त्याचं चुकत नाही. राबतो तो, राहतो तो. आईनेही सुचवलं, तू कुठे येणार आहेस आता. इथं घराचं कर्ज आहे, मुलगी गिम्नाझियमला, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत आहे, ती मराठी समजते पण बोलत नाही. परतणार नाही हे मला ग्रुपवरच्या सगळ्यांपेक्षा आधी माहीत होतं.

सही मी अजून केलेली नाही.