बाबांचे गुडघे आणि ट्यूबचे पंडित

आज सकाळी आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाने साधा प्रश्न विचारला. आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला येताहेत, बाबांचे गुडघे धड नाहीत, कसं फिरवू? झालं, ट्यूबचे, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेचे, सगळे पंडित जागे. ‘पिकॅडिली लाइन घे, ग्रीन पार्क स्टेशनला बदल, जुबिली लाइन पकड.’ अरे, ग्रीन पार्कला पिकॅडिलीवरून जुबिलीकडे किती तंगडतोड आहे, कधी म्हातारं माणूस सोबत घेऊन चाललायत? मी आपलं ‘बसने ने’ लिहिलं. तर तीन हसरे चेहरे आणि ‘ताई, सगळी सुट्टी बसमध्येच संपेल.’

संपू दे ना मग!

आमची आई नाशिकहून आली तेव्हा ७१ वर्षांची होती. मीही तेव्हा ट्यूबचीच पंडित. दिवसाला पाच ठिकाणं, कागदावर वेळा लिहून. कॉव्हेंट गार्डन स्टेशनला उतरलो तर लिफ्टसमोर ही गर्दी. म्हटलं, चल, जिन्याने जाऊ. तिथे चांगली पाटी लावलेली आहे, १९३ पायऱ्या आहेत, म्हणजे पंधरा मजले. पण मी रोजची लंडनकर, मी कशाला पाट्या वाचतेय! गोल गोल जिना, टेकायला जागा नाही, मागून लोकांचे पाय वाजताहेत. साठ-सत्तर पायऱ्यांनंतर आई भिंतीला हात लावून थांबली आणि म्हणाली, ‘तू हो पुढे, मी येते हळूहळू.’

पुढे होऊन कुठे जाणार होते मी?

आणि आलो कुठून होतो, तर लेस्टर स्क्वेअरहून. मधलं अंतर जेमतेम २६० मीटर! वरून चालत दुकानं बघत गेलो असतो तर आईला कळलंही नसतं.

ट्यूब वाईट आहे असं नाही म्हणत मी. १८६३ साली सुरू झालेली भुयारी रेल्वे, तेव्हा गुडघ्यांचा विचार कोण करणार. एलिझाबेथ लाइनवर सगळीकडे पायऱ्यांशिवाय फलाटावर जाता येतं, हीथ्रोहून तीच घ्या. नकाशावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह असेल तिथे रस्त्यापासून डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरं असेल तर फक्त फलाटापर्यंत, पुढे डब्यात चढायला फट किंवा पायरी असू शकते. हे ग्रुपवर एकाने तरी सांगितलं का? नाही. सगळ्यांना मिनिटं वाचवायची आहेत. त्या मिनिटांचं लोणचं घाला.

दुसऱ्या दिवशी कागद फाडला आणि ट्राफल्गार स्क्वेअरहून १५ नंबरची दुमजली बस धरली. आई पाच पौंडांची नोट ड्रायव्हरपुढे धरून उभी. २०१४ पासून इथे बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, हे तिला सांगायचं मी विसरले होते. ‘कंडक्टर नाही? मग तिकीट कोण फाडतं?’ माझं दुसरं कार्ड तिच्या हातात दिलं (प्रत्येकाचं वेगळं लागतं, हेही सांगा रे त्या मुलाला). तिने ते देवाला फूल वाहावं तसं यंत्रावर ठेवलं. एकाच भाड्यात तासाभरात कितीही बस बदला.

मी खालीच बसवत होते. ऐकते कुठली! बस थांबलेली असतानाच एक एक पायरी करत वर चढली. काल १९३ पायऱ्यांनी रडवलेली बाई आज हौसेने चढत होती. अगदी पुढची सीट मिळाली. फांद्या काचेवर आपटल्या की दचकायची, मग हसायची. फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट समोर यायला लागला तेव्हा माझा हात धरला आणि काहीच बोलली नाही. पुढे ट्रॅफिकमध्ये बस बराच वेळ अडकली. हो, अडकते, मान्य. आई म्हणाली, ‘बरं झालं, नीट बघता येतंय.’

नाशिकला गेल्यावर शेजारणींना तिने राणीचा राजवाडा दोन वाक्यांत उरकला आणि बसचं अर्धा तास सांगितलं. तो जिना मात्र कुणालाच सांगितला नाही. माझ्यासाठी, हे मला माहीत आहे.

तर ग्रुपवरच्या त्या मुलाला, वाचत असशील तर: आई-बाबा आले की कळव. शनिवारी मी मोकळी असते. ट्राफल्गार स्क्वेअरच्या १५ च्या स्टॉपवर भेटू, दशम्या मी आणते.