आपापल्या वाट्याचा भरवसा

माझी एकुलती एक लेक नर्स आहे आणि जर्मनीला जायच्या तयारीला लागली आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने तिकडच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या बार्शीकडच्या नर्सिंगच्या मुलींमध्ये हाच विषय आहे. तिचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ती गेली की या घरात मी एकटी. त्यामुळे भेटेल तो मला सांगतो, "ताई, देवावर सोडा. काळजी करू नका."

सोडलंच आहे. पण काय सोडायचं आणि काय नाही, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, म्हणून हे लिहिते.

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बसला, दिवाळं निघालं. त्यातून बाहेर येताना त्यांनी विठ्ठलाला धरलं आणि लोकांकडून येणं असलेल्या रकमांचे कागद नदीत सोडून दिले. कीर्तनात हा प्रसंग आला की सगळे हात जोडतात. पण त्याच्या आधीची गोष्ट चटकन निघून जाते. तुकोबांनी आधी वाटणी केली. निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची.

मला यात सगळं दिसतं. देवावर भरवसा ठेवायचा तो आपल्या वाट्याचा. कान्होबाच्या लेकराबाळांचा घास तुकोबांनी स्वतःच्या वैराग्यापायी पाण्यात टाकला नाही. दुसऱ्याच्या ताटातलं देवाच्या नावावर सोडून देणं सोपं असतं, आणि आपल्याकडे ते फार चालतं. घरातला कर्ता माणूस नोकरी सोडतो, बायकोला विचारत नाही, आणि म्हणतो पांडुरंग बघून घेईल. मग सकाळी दुधाच्या पिशवीचे पैसे कुठून आणायचे, हे तिनेच बघायचं. त्याला मी श्रद्धा म्हणत नाही.

लेकीच्या वाट्याचं लेक करते आहे. कौन्सिलची नोंदणी, कागदांची भाषांतरं, व्हिसाची फाइल, सगळं तिचं तिने. जर्मनची परीक्षा डोक्यावर आहे. त्या भाषेत प्रत्येक वस्तूला लिंग, आणि ते पाठच करावं लागतं. म्हणून आमच्या सगळ्या स्वयंपाकघरात पिवळ्या चिठ्ठ्या आहेत. चमच्याच्या डब्यावर "डेर", काट्यावर "डी", सुरीवर "दास". ड्यूटीवरून रात्री उशिरा येते, हात धुते आणि भाकरी खाता खाता त्या चिठ्ठ्या म्हणते. तिथे मी जाऊन "विठ्ठल पास करेल गं" म्हणणं मला बरोबर वाटत नाही. तिच्या मेहनतीचा तो अपमान होईल. मी गरम भाकरी वाढते.

माझ्या वाट्याला आलंय ते निराळं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होतं. तिथल्या थंडीत आजारी पडली तर? तिकडे कुणाशी पटलं नाही तर? मला इथे काही झालं तर तिला कळवणार कोण? शेवटच्या प्रश्नाला उत्तर होतं, ते मी करून टाकलं. शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली, बँकेत लेकीचं नाव लावलं, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली. बाकीच्या दोन प्रश्नांना माझ्या हातात काहीच नाही, कितीही रात्री जागले तरी. ते दोन मी माळ हातात घेऊन विठ्ठलाच्या पायाशी ठेवते. पुन्हा आले की पुन्हा ठेवते. एकदा ठेवले की कायमचे जातात असं मला कुणी सांगू नये, जात नाहीत.

वारीला गेलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. दिवे घाटात पाऊस लागणार की ऊन, कुणी विचारत नाही. पण दिंडीचा ट्रक पहाटेच पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो. तंबू, पातेली, शिधा सगळं मोजून भरलेलं. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे पैसे, आधी भरलेली असते. पावसाची चिंता कुणी करत नाही आणि पिठाचा हिशेब कुणी चुकवत नाही. एवढी माणसं विठ्ठलाच्या भरवशावर निघतात ती अशी.

आणखी एक, हे मनापासून सांगते. काळजीने कुणाची झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर "तुझी भक्ती कमी पडते" असं म्हणू नका. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे. डॉक्टरकडे गेल्याने विठ्ठल रागावत नाही.

लेकीची परीक्षा आषाढीच्या तोंडावर आहे, त्यामुळे यंदा ती वारीला नाही. मी सासवडपासून चालणार आहे, भिशी भरली आहे. आमच्या भागातून कुणी येणार असेल तर कळवा, बरोबर जाऊ.