कार्बन जाळायला

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर अधूनमधून एक पिवळं चित्र उगवतं. चौकोनी डबा, त्यात चार ठिपके आणि दोन्ही बाजूंना नळी. आईच्या मते तो पाण्याचा मीटर आहे. धाकटीला डब्यात साबुदाणा दिसतो. गावातल्या जाणत्यांनी मात्र त्या चित्राकडं बघितलंच नाही. जाणता माणूस दिवा बघत नसतो, तो बॉनेट उघडायला लावतो.

आमच्याकडं बॉनेट उघडलं की पारावरची माणसं न बोलवता जमतात. एकानं डिझेलमध्ये पाणी गेल्याचं सांगितलं. दुसऱ्यानं त्याला बाजूला सारून फिल्टर चोक झाल्याचं सांगितलं. तिसरा नुसताच "इंजेक्टर" म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. तात्यांच्या जीपला ऐन तरुणपणी एकदा एअर धरली होती, तेव्हापासून तालुक्यातल्या यच्चयावत गाड्यांना एअरच धरते. त्यांनी एअर काढायला लावली. नव्या इंजिनाची एअर कुठून काढायची हे कोणालाच सापडेना, तेव्हा सर्वानुमते बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत दिवा परत हजर!

दिव्याचं एक वेळ सोसलं असतं. पण तो फार वेळ पेटून राहिला की त्याच्या शेजारी इंजिनाचं चित्र पेटतं आणि मग गाडीचा जीवच जातो. अॅक्सिलरेटर पार खाली दाबला तरी चाळीसच्या वर काटा सरकत नाही. मागं वीस-वीस किलोचे टोमॅटोचे क्रेट भरलेले, नारायणगावच्या मार्केटात लिलाव सुरू व्हायची वेळ, आणि आपल्याला एक ट्रॅक्टर ओव्हरटेक करून जातो. वर ट्रॅक्टरवाला मागं वळून बघतो. तो बघतो ते जास्त लागतं.

आमच्या शेजारी खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० डिशा आहेत तिच्या. ८८० कोटी वर्षांपूर्वी कुठल्याशा दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची कुजबुज तिनं टिपली, अशी बातमी २०२३ साली आली होती. मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तीन फुटांवरून सांगत होतो की चढाला इंजिन ओढत नाही, तर समोरचा पोरगा म्हणाला, "सर, आधी वॉशिंग करून घेऊ का?"

वॉशिंग झालं. मग त्यांनी गाडीला लॅपटॉप जोडला. आपल्या गाडीच्या पोटातलं सगळं लॅपटॉपला कळतं आणि आपल्याला कळत नाही, हा अपमान मी गिळला. पोरगा बराच वेळ स्क्रीन बघत राहिला आणि सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांच्या आवाजात म्हणाला, "सर, तुमचं रनिंग कमी आहे."

पहाटे चारला उठून गाडी काढणाऱ्या माणसाला हे ऐकवायला धाडस लागतं. पण पोराचं खरं होतं.

झालंय असं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा, कडक नियम. सरकारनं चारवरून थेट सहावर उडी मारली, आणि पाचवी न करता सहावीत बसवलेलं पोर जरा चाचरणारच. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० होतं ते १० वर आणलं, आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची एक बारीक छिद्रांची जाळी बसली. काजळी या जाळीत अडकते, म्हणून तर नवी पिकअप पुढं असली तरी मागच्या मोटरसायकलवाल्याचा शर्ट काळा होत नाही. जाळी भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून धुराची उष्णता सहाशे अंशांच्या घरात नेतं आणि काजळी जाळून टाकतं. मात्र त्यासाठी गाडी बऱ्यापैकी वेगात, न थांबता पळत राहायला हवी. आमचं शेत ते मार्केट अंतर किती? रेडिओवरची दोन गाणी. पुढं मार्केटच्या रांगेत इंजिन चालू ठेवून पाच-पाच फूट सरकायचं. म्हणजे काजळी रोज भरायची आणि जाळायची कधीच नाही.

"मग गाडी हायवेला काढत जा ना सर," पोरगा म्हणाला. "साठच्या पुढं ठेवा. एक गिअर कमी. वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं नाही."

"माल कसला भरू?"

"माल नको. नुसतीच फिरवा."

डिझेल जाळून नुसतीच फिरवायची! हे मी घरी सांगितलं तेव्हा आईनं देवाजवळ दिवा लावला.

एका फिटरनं कानाशी येऊन दुसरा मार्ग सुचवला होता. "शेठ, जाळी आतून पोकळ करतो, कॉम्प्युटरला भूल देतो, परत आयुष्यात दिवा लागणार नाही." मोह झाला. पण हे बेकायदा, आणि पासिंगला गाडी अडकली तर क्रेट काय डोक्यावर न्यायचे?

त्यात ऑइलचा प्रकार निराळाच. जाळणं चालू असताना मधेच गाडी बंद केली की त्या जास्तीच्या डिझेलातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइल चक्क वाढतं. तात्यांनी पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. खुणेच्या वर बोटभर! त्यांच्या जीपनं जन्मभर ऑइल प्यायलेलं. ते गहिवरले. "लक्ष्मी आहे रे ही, सांभाळ," म्हणाले. फिटरनं तेच ऑइल दोन बोटांत चोळलं, पाण्यासारखं पातळ झालंय म्हणाला, आणि टर्बो जायच्या आत सगळं बदलायला लावलं. लक्ष्मी त्याच्याकडं गेली.

तर आता आमच्याकडं 'कार्बन जाळायला जाणं' हा कार्यक्रम असतो. दिवा लागला की रात्रीची जेवणं उरकून पुणे-नाशिक हायवेला लागायचं, आळेफाट्याच्या पुढं बोट्याकडं पळवायची आणि परत फिरायचं. पहिल्यांदा मी बायकोला विचारलं, येतेस का. ती पदर खोचून शेजारी बसली आणि बरंच अंतर गप्प राहिली. मग म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा म्हणाला नाहीत, चल फिरून येऊ. जाळीनं म्हटलं तर लगेच निघाले."

यावर उत्तर नव्हतं. मी गिअर एक कमी केला.

येताना तिला नारायणगावचं मसाला दूध हवं होतं. मी म्हटलं, थांबता येणार नाही, जाळी तापलीय. तिनं खिडकीतून दुधाची दुकानं मागं जाताना बघितली. त्या रात्री दिवा गेला, पण घरात दोन दिवस पेटलेला होता.

गेल्या खेपेला नाकाबंदी लागली. रात्रीचे साडेदहा. हवालदारांनी बॅटरी दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काय भरलंय?"

"काही नाही."

त्यांनी मागं प्रकाश मारला. रिकामा हौदा, एक सुतळी. "कुठं चाललाय?"

"कुठं नाही."

"कुठून आलाय?"

"घरून. घरीच चाललोय परत."

रिकामी पिकअप, रात्रीची वेळ, कुठं जायचंच नाही. हवालदारांचा आवाज बदलला. "गाडी बंद करा. खाली उतरा."

"साहेब, बंद नको, पाचच मिनिटं राहिलीत..."

"कशाची पाच मिनिटं?" त्यांचा हात कमरेकडं गेला.

मी चावी फिरवली. इंजिन थांबलं. बायको पलीकडून म्हणाली, "अहो साहेब, कार्बन जाळायला निघालोय आम्ही." मी सगळी हकिकत सांगितली. जाळी, काजळी, सहाशे अंश, रेडिओवरची दोन गाणी. हवालदारांनी डॅशबोर्डवर बॅटरी मारली. पिवळा डबा, चार ठिपके.

"हा होय! आमच्या मेहुण्याच्या गाडीला हाच आहे की." ते कपाळावर हात मारून माझ्यावरच ओरडले, "मग मधेच बंद कशाला केलीत? आता परत बोट्यापास्नं सुरू करा!"